पाठपोट

केळ्यांच्या खोक्यांतून आलं किलडॅरिनचं दप्तर,
घोडे वाहायच्या ट्रेलरमध्ये, ताडपत्रीखाली.
शेवटचे वारस ऑब्री पर्डन स्वतः चालवत आले.
पायपुसण्याला बूट घासत म्हणाले,
"दोनशे ऐंशी वर्षं आहेत. बाकीची उंदरांनी नेली."

माझं काम एवढंच.
धूळ झाडायची, मोजायचं, नाव द्यायचं,
आम्ल नसलेल्या कागदात निजवायचं.
आणि ज्यानं जसं ठेवलं तसंच ठेवायचं, हा आमचा धर्म.

पहिलं खोकं शिकारी कुत्र्यांचं.
बेलमनची आई कोण, आजी कोण, पणजी कुठून आणलेली,
सात पिढ्या, आणि शाई कुठे फुटलेली नाही.
कुळांच्या वहीत मात्र
"मोरनची विधवा", "तिच्या पलीकडचा",
"दलदलीजवळचा तांबडा".

मग कापडावर चिकटवलेला नकाशा. शेतं फिकट गुलाबी,
झोपड्यांना ठिपके,
तळ्यात एक बदक, नकाशा काढणाऱ्यानं हौसेनं रंगवलेलं.
तीस वर्षांनंतरच्या नकाशात
बदक आहे.

चौथ्या खोक्यात लेटिशिया बाईसाहेबांच्या पाककृती,
सुटी पानं, लोकरीच्या धाग्यानं बांधलेली.
गूजबेरीचा मुरंबा: फळं सहा पौंड, साखर सहा,
देठं नखानं खुडावीत, कढई तांब्याची, ढवळणं थांबवू नये.
समासात: उत्तम झाला. बिशपांनी दोनदा मागून घेतला.

पान उलटलं.

अक्षर दुसरं. वळणदार, बहुधा शाळामास्तरांचं.
सबाइना गॅलव्हिन, राहणार खालची वाडी,
हुजुरांना अर्ज करते ऐसाजे,
खंड दोन सहामाही थकला हे खरं.
नवरा मार्चमध्ये गेला हेही खरं.
कारभाऱ्यांच्या माणसांनी दार काढून नेलं.
छपराबद्दल मागणं नाही, ते अजून आहे.
दार तेवढं परत मिळावं. नोव्हेंबर लागला आहे.
खाली निशाणी, फुली.
फुलीचा एक पाय लांब,
कागद फाटेल इतका दाबलेला.

कागदाला पाठ असते, पोटही असतं.
यातलं पोट कुठलं, ते मला ठरवायचं होतं,
कारण तक्त्यात "प्रकार" हा रकाना एकच.

गुरुवारी पर्डन आले. हल्ली ते फाटकाशेजारी
दरवानाच्या दोन खोल्यांत राहतात.
"मुरंबा सापडला का? आत्या तोच करायच्या,
मी बोटानं चाटलाय."
मी पान पुढे केलं, मुरंब्याची बाजू वर.
वाचताना त्यांचे ओठ हलत होते.
मग त्यांनी ते उलटलं.
चष्मा काढला, पुसला, परत लावला.
पलीकडच्या टेबलावर कुणीतरी खोकलं.
"तिला दार मिळालं का?"

मी शोधून ठेवलं होतं. सांगणार नव्हते.
किरकोळ खर्चाची वही, डिसेंबर, ओळ अकरावी:
कुत्र्यांच्या घराला जुनं दार बसवलं.
सुतार, नऊ पेन्स. लाकूड घरचं.

"लाकूड घरचं," ते म्हणाले.
नंतर कोटाची बाही शोधता शोधता, भिंतीकडे बघत:
"ते दार पाहिलंय मी. हिरवं होतं.
बासष्टच्या हिवाळ्यात बाबांनी फोडून चुलीत घातलं.
नीट पेटलं नाही."

ते गेल्यावर पान मी मुरंब्यांतच परत ठेवलं,
चटणीच्या आणि जेलीच्या मध्ये, होतं तिथं.
प्रकार: कोरा सोडला.
फिडेल्माबाई विचारतील सोमवारी, तेव्हा बघू.
पानं: एक.
पाठपोट.